प्रोग्रेसिव्ह भिंगांचा चष्मा आणि रुग्णांचे अनुकूलन : उदगीर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

वयाच्या चाळिशीनंतर लागणाऱ्या जवळच्या चष्म्याला मराठीत 'चाळिशी' असेच म्हणतात. वय आणि वस्तू यांना एकच शब्द असावा, इतकी ही अवस्था मराठी समाजाच्या ओळखीची आहे. लांबचे दिसत असते, परंतु पोथीतील अक्षर, सुईचे नाक, औषधाच्या पट्टीवरील तारीख दिसेनाशी होते, आणि मनुष्य हात लांब करून वाचू लागतो. यावरचा जुना उपाय म्हणजे जवळचा वेगळा चष्मा किंवा मध्ये रेघ असलेला बायफोकल चष्मा होय. गेल्या काही दशकांत त्यांच्या जोडीला 'प्रोग्रेसिव्ह' भिंग आले. दूर, मध्यम आणि जवळ अशा तिन्ही अंतरांसाठी एकच अखंड, बिनरेघेचे भिंग असे त्याचे स्वरूप आहे. उदगीरसारख्या तालुक्याच्या गावीही आता चष्म्याच्या दुकानांत हे भिंग मिळते.

तथापि हा चष्मा घेणाऱ्यांपैकी काहींच्या तक्रारी ठरलेल्या असतात. जमीन हलल्यासारखी वाटते, पायरी नेमकी कोठे आहे ते कळत नाही, वाचताना मान दुखते, बाजूचे पुसट दिसते. त्यावर मिळणारे उत्तरही ठरलेले असते : "सवय होईल." हे उत्तर अर्धे खरे आहे. प्रोग्रेसिव्ह भिंगाच्या काही त्रासांवर मानवी मेंदू खरोखरच काही दिवसांत मात करतो. काही त्रासांवर तो कधीही मात करू शकत नाही, कारण ते त्रास भिंगाच्या स्वभावातून नव्हे, तर चुकीच्या मोजमापातून किंवा चुकीच्या निवडीतून आलेले असतात. हे दोन प्रकार वेगळे न केल्यास दोष रुग्णाच्या माथी येतो आणि महागडा चष्मा कपाटात पडून राहतो. प्रस्तुत लेखात हा फरक भिंगाची रचना, मेंदूचे कार्य आणि उदगीर परिसरातील दैनंदिन जीवनव्यवहार यांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

चाळिशीनंतरचा डोळा :

डोळ्यातील नैसर्गिक भिंग लवचिक असते. जवळची वस्तू पाहताना सिलिअरी स्नायू आकुंचन पावतात, भिंग फुगते आणि त्याची शक्ती वाढते. यालाच समायोजन शक्ती म्हणतात. वयानुसार हे भिंग कठीण होत जाते व समायोजन शक्ती घटते. शालेय विज्ञानात या अवस्थेला वृद्धदृष्टिता असे नाव दिलेले आहे. नाव काहीसे कठोर आहे, कारण पंचेचाळिशीचा मनुष्य स्वतःला वृद्ध मानत नाही आणि तसा तो नसतोही.

नेत्रविज्ञानात वापरल्या जाणाऱ्या हॉफस्टेटर यांच्या सूत्रानुसार सरासरी समायोजन शक्ती ही १८.५ − (०.३ × वय) इतके डायऑप्टर असते. म्हणजे ४५ व्या वर्षी ती सुमारे ५, ५५ व्या वर्षी सुमारे २, आणि ६० व्या वर्षी जेमतेम अर्धा डायऑप्टर उरते. पुस्तक ४० सें.मी. अंतरावर धरल्यास २.५ डायऑप्टर शक्ती लागते. उपलब्ध शक्तीपैकी साधारण निम्मी राखीव राहिली तरच वाचन दीर्घकाळ सुखाने होते, असा संकेत आहे. या हिशेबाने ४५ हे वय बरोबर उंबरठ्यावरचे ठरते. पुढे जी उणीव भासते ती भिंगातून भरून काढावी लागते. या वाढीव शक्तीला 'ॲड' किंवा जवळचा वाढीव नंबर म्हणतात. सामान्यतः तो +१.०० पासून +२.५० पर्यंत असतो. पुढील सर्व चर्चेत हा वाढीव नंबर महत्त्वाचा आहे, कारण अनुकूलन सोपे जाईल की अवघड, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

दोन तुकड्यांपासून अखंड भिंगापर्यंत :

अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८४-८५ च्या पत्रव्यवहारात आपल्या दुहेरी चष्म्याचा उल्लेख केला आहे. वरचा अर्धा भाग लांबच्या नंबरचा आणि खालचा अर्धा जवळच्या नंबरचा, अशी ती सरळ योजना होती. पुढे १८२७ मध्ये जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी तीन भागांचे भिंग केले. रेघ असलेल्या भिंगात दोन उणिवा राहिल्या. एक, नजर रेघेवरून खाली सरकताच प्रतिमा एकदम उडी मारते. दुसरी, हात लांब केल्यावर जे अंतर येते, त्या मधल्या अंतरासाठी बायफोकलमध्ये सोयच नसते.

भिंगाची शक्ती वरून खाली हळूहळू वाढत जावी, ही कल्पना इंग्लंडमध्ये ओवेन एव्ह्ज यांनी १९०७ च्या पेटंटमध्ये मांडली होती. परंतु व्यवहारात उतरलेले यशस्वी भिंग यायला अर्धे शतक जावे लागले. फ्रान्समधील अभियंता बर्नार्ड मेतनाझ यांनी तयार केलेले 'व्हॅरिलक्स' १९५९ मध्ये बाजारात आले. १९७२ मध्ये त्याची सुधारित दुसरी आवृत्ती आली. पुढे संगणकनियंत्रित यंत्रांवर प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र पृष्ठभाग कोरण्याचे 'फ्रीफॉर्म' तंत्र रूढ झाले.

या भिंगाचे चार भाग कल्पावेत. वरच्या भागात लांबचा नंबर, खालच्या भागात जवळचा नंबर, आणि दोहोंना जोडणारी मधली उभी पट्टी, जिला कॉरिडॉर म्हणतात. चौथा भाग या पट्टीच्या दोन्ही अंगांना असतो. तेथे दिसते ते धूसर आणि वाकडे दिसते. दुकानात दाखवल्या जाणाऱ्या चित्रांत हा चौथा भाग बहुधा फिकट रंगवलेला असतो. रुग्णाच्या तक्रारी मात्र नेमक्या तेथूनच येतात.

बाजूची धूसरता का टळत नाही :

भिंग चांगल्या कंपनीचे घेतले तर बाजूची धूसरता राहणार नाही, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. जर्मन गणितज्ञ गुंटर मिंकविट्झ यांनी १९६३ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयानुसार, मधल्या पट्टीतून खाली जाताना शक्ती ज्या वेगाने वाढते, त्याच्या दुप्पट वेगाने पट्टीपासून बाजूला जाताना दृष्टिवैषम्य वाढते. हा भूमितीचा नियम आहे. कारागिरी कितीही सुधारली तरी तो मोडता येत नाही. नको असलेली धूसरता कोठे आणि किती पसरवायची, एवढेच रचनाकाराच्या हाती असते. ती थोड्या जागेत दाटून ठेवली तर स्वच्छ भाग रुंद मिळतो, पण त्याच्या कडा तीव्र होतात. ती विरळ करून पसरवली तर कडा सौम्य होतात, पण स्वच्छ भाग अरुंद होतो.

एक उदाहरण घेऊ. वाढीव नंबर +२.०० आणि पट्टीची लांबी १४ मि.मी. असल्यास दर मिलिमीटरला शक्ती ०.१४ डायऑप्टरने वाढते. बाजूला जाताना दृष्टिवैषम्य दर मिलिमीटरला सुमारे ०.२८ डायऑप्टरने वाढेल. अर्ध्या डायऑप्टरपर्यंतची धूसरता सुसह्य मानली, तर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना पावणेदोन मिलिमीटर, म्हणजे एकूण साडेतीन मिलिमीटर रुंदीची वाट मिळते. वाढीव नंबर +१.०० असेल तर हीच वाट सात मिलिमीटर होते.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, ज्याने पंचेचाळिशीत, वाढीव नंबर कमी असतानाच हे भिंग लावले त्याला ते सहज जमते. साठीत +२.५० ने सुरुवात करणाऱ्याला ते जड जाते. त्यातही जो पंधरा वर्षे बायफोकल वापरत आला आहे, त्याला बायफोकलच्या खालच्या तुकड्यातील रुंद वाचनक्षेत्राची सवय असते. नव्या भिंगात ते क्षेत्र आक्रसलेले पाहून तो निराश होतो, आणि ते स्वाभाविक आहे. दुसरी गोष्ट अशी की, साडेतीन मिलिमीटरच्या वाटेत मोजमापाची चूक सामावून घेण्यास फारशी जागाच नसते.

मेंदूला कशाची सवय होते :

मनुष्य डोके वळवतो तेव्हा त्याचे डोळे त्याच वेगाने उलट दिशेस फिरतात आणि त्यामुळे समोरचे दृश्य स्थिर राहते. कानातील तोलेंद्रिय आणि डोळ्यांचे स्नायू यांच्यातील ही प्रतिक्षिप्त क्रिया जन्मभराच्या सरावाने नेमकी झालेली असते. नव्या भिंगामुळे प्रतिमेचा आकार बदलतो, आणि तोही भिंगाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळा. परिणामी डोके वळवताच दृश्य पाण्यावर डोलल्यासारखे भासते. ठेच लागण्याचा, पायरी चुकण्याचा अनुभवही यातूनच येतो.

मेंदू हा फरक शिकून घेऊ शकतो, याला भक्कम पुरावा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन यांनी १८९६-९७ मध्ये जग उलटे दाखवणारी भिंगे स्वतः लावून पाहिली. आठ दिवस चाललेल्या प्रयोगाच्या अखेरीस त्यांचे वावरणे बरेच सुकर झाले होते. १९७६ मध्ये कॅनडातील गॉनशोर व मेलव्हिल जोन्स यांनी डावे-उजवे पालटणारे प्रिझम माणसांना सलग लावून दाखवून दिले की, डोळ्यांच्या या प्रतिक्षिप्त हालचालीतही काही आठवड्यांत खोलवर बदल घडतो. याच्या तुलनेत प्रोग्रेसिव्ह भिंगाने केलेला बदल क्षुल्लक आहे. त्यामुळे डोलण्याचा भास बहुतेकांच्या बाबतीत काही दिवस ते दोन आठवडे एवढ्या काळात ओसरतो.

यासाठी एक अट आहे : मेंदूला सलग सराव मिळाला पाहिजे. सकाळी नवा चष्मा, दुपारी जुना बायफोकल, संध्याकाळी नुसते डोळे असे केल्यास मेंदूला तीन वेगवेगळे हिशेब एकाच वेळी शिकावे लागतात आणि एकही पक्का होत नाही. 'लग्नाकार्यापुरता' किंवा 'बाहेर जाताना' म्हणून नवा चष्मा जपून ठेवण्याची जी वृत्ती आपल्याकडे दिसते, ती या बाबतीत अपायकारक ठरते.

सवयीचा दुसरा भाग हालचालींचा आहे. आजवर बाजूचे पाहण्यासाठी डोळे वळवले तरी चालत असे. आता नाक ज्या दिशेला, नजर त्या दिशेला, असा नियम पाळावा लागतो. वाचताना याच्या उलट करावयाचे असते : मान न वाकवता डोळे खाली उतरवावे लागतात. भिंग डोळ्याच्या परिभ्रमणकेंद्रापासून साधारण २७ मि.मी. पुढे असते. पट्टी १४ मि.मी. लांब असेल तर वाचनक्षेत्रात पोचण्यास डोळा सुमारे २७ अंश खाली वळवावा लागतो. ज्यांना मान वाकवून वाचण्याची सवय आहे, त्यांची नजर पट्टीच्या मध्यावरच अडकते. 'जवळचे नीट दिसत नाही' ही त्यांची तक्रार खरी असते, पण ती एका वाक्याच्या सूचनेने दूर होते. ती सूचना मात्र कोणीतरी द्यावी लागते, आणि तीही रुग्णाला समजणाऱ्या भाषेत. उदगीर हे कर्नाटकाच्या सीमेलगतचे गाव. येथील दुकानात एकाच दिवशी मराठी, दखनी, कन्नड बोलणारे गिऱ्हाईक येते. इंग्रजी माहितीपत्रक पिशवीत घालून दिल्याने हे काम होत नाही.

सवयीने न सुटणाऱ्या तक्रारी :

डोलण्याचा भास दररोज थोडा थोडा कमी होत असेल तर ती अनुकूलनाची खूण आहे. याउलट, आठव्या दिवशीही तक्रार पहिल्या दिवसाइतकीच आणि तशीच राहिली असेल, तर चष्म्यातच काही चुकले आहे असे समजून शोध घ्यावा. असा शोध घेण्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही.

पहिली चूक बुबुळांमधील अंतराची. साध्या चष्म्यासाठी दोन्ही बुबुळांमधील एकूण अंतर मोजून ते निम्मे-निम्मे वाटले तरी फारसे बिघडत नाही. प्रोग्रेसिव्हमध्ये नाकाच्या मध्यापासून प्रत्येक डोळ्याचे अंतर स्वतंत्रपणे मोजावे लागते, कारण माणसाचा चेहरा क्वचितच काटेकोर सममित असतो. एकूण अंतर ६४ मि.मी. आहे, परंतु उजवीकडे ३१ आणि डावीकडे ३३ आहे असे समजा. येथे ३२-३२ धरल्यास प्रत्येक डोळ्यामागे एक मिलिमीटरची चूक होते. वर काढलेल्या पावणेदोन मिलिमीटरच्या सवलतीतील निम्म्याहून अधिक भाग या एका चुकीत खर्ची पडतो. ही चूक ओळखण्याची रीत सोपी आहे. एक डोळा झाकून छापील कागद नाकासमोर वाचनाच्या अंतरावर धरावा. तो स्वच्छ दिसण्यासाठी कागद डावीकडे वा उजवीकडे सरकवावा लागत असेल तर त्या डोळ्याचे केंद्र चुकलेले आहे.

दुसरी चूक उंचीची. भिंगावरील खुणेची फुली बुबुळाच्या बरोबर समोर यावी लागते. ती खाली बसली तर वाचण्यासाठी हनुवटी वर उचलावी लागते व मान आखडते. ती वर बसली तर समोर पाहतानाच वाढीव शक्ती आडवी येते, लांबचे धूसर होते, आणि मनुष्य हनुवटी छातीकडे झुकवून चालू लागतो. चष्मा लावलेल्या माणसाची मान पाहूनच अनुभवी तंत्रज्ञ ही चूक ओळखतो. उंचीचे माप रुग्णाने निवडलेली फ्रेम त्याच्या नाकावर नीट बसवून, नंतरच घ्यावयाचे असते. फ्रेम हातात धरून अंदाजाने खूण केल्यास ते माप निरुपयोगी ठरते. काचेची उंची फारच कमी असलेल्या फ्रेममध्ये तर वाचनाचा भाग कापलाच जातो. मग 'जवळचे दिसत नाही' या तक्रारीवर कोणतीही सवय उपाय करू शकत नाही.

तिसरी गोष्ट फ्रेमच्या घसरण्याची. ती क्षुल्लक वाटते, पण तशी ती नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घामाने फ्रेम नाकावरून तीन मिलिमीटर घसरली, तर वरील उदाहरणातील भिंगात पट्टीतून पाहणाऱ्याची जवळची शक्ती सुमारे ०.४ डायऑप्टरने कमी होते. सकाळी वाचता येते आणि दुपारी येत नाही, अशा चमत्कारिक वाटणाऱ्या तक्रारीचे मूळ अनेकदा सैल झालेल्या काड्यांत असते. नाकपट्ट्या आणि काड्या घट्ट करून देणे हा पाच मिनिटांचा उपाय आहे.

चौथी शक्यता नंबरच चुकल्याची. दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असेल तर आणखी एक अडचण संभवते. भिंगाच्या केंद्रापासून एक सेंटिमीटर खालून पाहिल्यास, दोन डोळ्यांच्या शक्तीत २ डायऑप्टरचा फरक असताना २ प्रिझम डायऑप्टर इतका उभा फरक निर्माण होतो. एक प्रतिमा वर आणि एक खाली गेल्याने वाचताना डोके दुखते किंवा अक्षरे दुहेरी दिसतात. अशा रुग्णास 'सवय होईल' म्हणणे हा अन्याय आहे. त्याला वाचनासाठी स्वतंत्र चष्मा देणे हाच बहुधा सरळ मार्ग असतो.

हे सर्व तपासता यावे यासाठी भिंगातच सोय केलेली असते. प्रत्येक प्रोग्रेसिव्ह भिंगावर परस्परांपासून ३४ मि.मी. अंतरावर दोन अतिसूक्ष्म खुणा कोरलेल्या असतात आणि कानाकडच्या खुणेखाली वाढीव नंबर लिहिलेला असतो. उजेडात भिंग तिरपे धरल्यास त्या दिसतात. त्यांवरून पेनने मूळ फुली पुन्हा आखता येते व ती बुबुळासमोर आहे की नाही हे पाहता येते. चष्मा विकत घेणाऱ्यास ही खूण दाखवून मागण्याचा पूर्ण हक्क आहे. तिच्यावरून भिंग खरोखर सांगितलेल्या प्रकारचे आहे की नाही, हेही कळते.

खुर्चीसाठी आखलेले भिंग आणि जमिनीवरचे जीवन :

प्रोग्रेसिव्ह भिंगाची सर्वसाधारण रचना खुर्ची-टेबलाशी बसणाऱ्या, वाहन चालवणाऱ्या आणि हातात पुस्तक धरणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. समोर दूरचे आणि खाली ४० सें.मी.वर जवळचे, असे तिचे गृहीतक आहे. उदगीर तालुक्यातील जीवन अजूनही बऱ्याच प्रमाणात जमिनीशी बांधलेले आहे, आणि येथे 'खाली' पाहणे म्हणजे दर वेळी 'जवळ' पाहणे नसते.

मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ७० ते ७५ सें.मी. उंचीवर असतात. समोर जमिनीवर पसरलेले धान्य किंवा विळीवर चिरायची भाजी ही वाचनाच्या अंतरापेक्षा बरीच लांब असते. त्यासाठी दीड डायऑप्टरच्या आसपास शक्ती पुरते. परंतु नजर खाली जाताच भिंग पूर्ण +२.०० किंवा +२.५० शक्ती पुढे करते. मग बाई मान आणखी खाली घालते, म्हणजे पट्टीच्या वरच्या भागातून पाहता येईल. तासभर तांदूळ निवडून मान भरून आली की चष्मा काढून ठेवला जातो. मांडीवरील सुपातले धान्य मात्र त्याच चष्म्यातून चांगले दिसते. व्यासपीठावर पोथी ठेवून वाचणाऱ्या वृद्धाचेही असेच आहे. पोथी खाली असेल तर त्रास होतो, आणि तीच थोडी उंच व जवळ घेतली तर तोच चष्मा कामास येतो. येथे दोष ना भिंगाचा असतो, ना बाईचा, ना पोथी वाचणाऱ्याचा. चष्मा देण्यापूर्वी 'कोणते काम करता, कसे बसून करता आणि वस्तू किती अंतरावर असते' हे तीन प्रश्न विचारले गेले नाहीत, ही खरी चूक होय. हातातील वीतभर दोरीनेही हे अंतर मोजता येते.

व्यवसायपरत्वे चित्र पालटते. शिक्षकास वर्ग, फळा आणि हजेरीपट अशी तिन्ही अंतरे सतत लागतात. त्याला हे भिंग बायफोकलपेक्षा निश्चितच सोयीचे पडते. कापडदुकानदार, बँकेतील कर्मचारी, बाजार समितीतील आडत्याचा मुनीम यांनाही ते लवकर जमते. एसटीच्या वाहकाला तिकीटयंत्र, प्रवाशाचा चेहरा आणि गाडीची पायरी यांत अखंड नजर फिरवावी लागते. त्याला उपयोग मोठा आहे, पण पायऱ्यांवर पहिले काही दिवस जपावे लागते. शिंपी व सोनार यांचे काम दिवसभर एकाच जवळच्या अंतरावर आणि आडव्या रुंदीत चालते. त्यांना प्रोग्रेसिव्हची अरुंद वाट जाचते, व कामापुरता साधा जवळचा चष्माच अधिक योग्य ठरतो. डोक्याच्या वरच्या बाजूला जवळचे काम करणारा वीजतारांचा कारागीर तर या भिंगातून काहीच नीट पाहू शकत नाही, कारण त्याच्या जवळच्या कामासमोर लांबचा नंबर येतो.

उणे दोनच्या आसपास नंबर असलेल्या निकटदृष्टीच्या माणसाची गोष्ट निराळीच. तो चष्मा काढला की ५० सें.मी.वर उत्तम वाचतो, आणि तेही पूर्ण रुंदीत. त्याला हे भिंग आग्रहाने विकणे म्हणजे असलेली सोय काढून घेऊन अडचण देणे होय.

पायऱ्या, बांध आणि पडण्याचा धोका :

उभ्या माणसाच्या डोळ्यांपासून पायाखालची जमीन साधारण दीड मीटरवर असते. तेवढ्या अंतरासाठी ०.६७ डायऑप्टर पुरेत. +२.०० च्या वाचनभागातून पाहिल्यास १.३३ डायऑप्टरची धूसरता येते. पायरीची कड, उंबरठा, शेताचा बांध, गटारावरची फरशी यांच्या कडा याच धूसर भागात येतात. तरुण वयात याचे काही वाटत नाही. सत्तरीत हाड मोडले तर घराचे सारे गणित बिघडते.

ऑस्ट्रेलियातील लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये १५६ ज्येष्ठ व्यक्तींच्या अभ्यासातून असे दाखवले की, बायफोकल वा प्रोग्रेसिव्ह वापरणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण अधिक होते आणि खालच्या भागातून पाहताना त्यांची खोली व कड ओळखण्याची क्षमता घटत होती. त्याच देशात ६०६ ज्येष्ठांवर झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना बाहेर चालण्यासाठी स्वतंत्र लांबचा चष्मा देण्यात आला. नेहमी बाहेर वावरणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. उलट, जे क्वचितच बाहेर पडत त्यांच्यात दुसऱ्या चष्म्याने बाहेरील पडणे वाढलेले दिसले. म्हणजे एकच सल्ला सर्वांना लागू पडत नाही. रोज शेताकडे जाणाऱ्या, बांधावरून चालणाऱ्या सत्तरीतील शेतकऱ्यास चालण्याचा वेगळा चष्मा हितकारक ठरू शकतो. घरातच असणाऱ्या त्याच्या पत्नीला चष्म्यांची अदलाबदल कदाचित अपायकारक ठरेल.

प्रोग्रेसिव्ह लावून जिना उतरताना हनुवटी छातीकडे झुकवावी, म्हणजे नजर वरच्या भागातून पायरीवर पडते. पहिल्या आठवड्यात कठडा धरावा आणि मोटारसायकल चालवू नये. ही सूचना उदगीरच्या किल्ल्यातील असमान पायऱ्यांना लागू आहे तशीच घरच्या उंबऱ्यालाही.

मधुमेह आणि मोतीबिंदू :

काही रुग्णांना चष्मा मानवत नाही याचे कारण त्यांचा डोळाच स्थिर नसतो. रक्तातील साखर वरखाली होत असताना डोळ्यातील भिंगाची शक्ती बदलते. अशा दिवसांत काढलेला नंबर दोन आठवड्यांनी खोटा ठरू शकतो. साखर आटोक्यात येऊन स्थिर झाल्यावरच महागडे भिंग करावे. मोतीबिंदू वाढत असतानाही नंबर सरकतो. काही वृद्धांना मध्येच चष्म्याशिवाय वाचता येऊ लागते व दृष्टी परतल्याचा आनंद होतो. प्रत्यक्षात ते कठीण होत चाललेल्या भिंगाचे लक्षण असते.

उदगीर येथील उदयगिरी लायन्स नेत्र रुग्णालयामुळे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया या भागातील सामान्य माणसाच्या आवाक्यात आलेली आहे. शस्त्रक्रियेत बसवलेले साधे कृत्रिम भिंग एकाच अंतरासाठी असते, त्यामुळे नंतर वाचण्यासाठी चष्मा लागतोच. हा अंतिम नंबर जखम भरून डोळा स्थिरावल्यावर, साधारण महिना-दीड महिन्याने काढावा. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि दुसऱ्याची व्हावयाची आहे, अशा मधल्या काळात दोन डोळ्यांतील फरक मोठा असतो. त्या काळात प्रोग्रेसिव्हचा विचार न करणेच बरे.

साधा चष्मा आणि त्याचे मोल :

प्रोग्रेसिव्ह जमले नाही म्हणजे दृष्टीचा प्रश्न सुटला नाही, असे नव्हे. २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आसाममधील चहामळ्यांतील चाळीस वर्षांवरील ७५१ कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साधा जवळचा चष्मा मिळालेल्या कामगारांची पाने खुडण्याची उत्पादकता चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. २०१५ च्या अंदाजानुसार जगात १८० कोटी लोकांना वृद्धदृष्टिता होती आणि त्यांपैकी ८२ कोटींहून अधिक लोकांकडे पुरेसा चष्मा नव्हता. या पार्श्वभूमीवर, ज्याला दोन साधे चष्मे परवडतात व पुरतात, त्याने प्रतिष्ठेसाठी बिनरेघेचे भिंग घ्यावे असे म्हणता येत नाही.

आपल्याकडे घरातील एकच जवळचा चष्मा आळीपाळीने वापरण्याची रीत अनेक कुटुंबांत आहे. वडील वर्तमानपत्र वाचतात आणि मग त्याच चष्म्याने आई सुई ओवते. साध्या चष्म्यात हे कसेबसे निभते. प्रोग्रेसिव्ह भिंग एकाच चेहऱ्याच्या मापाने कोरलेले असल्याने ते उसने देता येत नाही. घरातील पुरुषासाठी असा चष्मा घेतला गेला की त्या घरातील स्त्रीचा उसना चष्माही जातो. तिची स्वतंत्र तपासणी आणि तिचा स्वतंत्र चष्मा यांची तरतूद त्याच वेळी केलेली बरी.

ज्यांना भिंग मानवते, त्यांनाही हा सराव एकदाच करून भागत नाही. काही वर्षांनी वाढीव नंबर +१.५० वरून +२.०० वर जातो, वाट पुन्हा अरुंद होते, आणि डोलण्याचा तोच भास काही दिवस पुन्हा अनुभवास येतो. त्या वेळी मागील भिंगाचा प्रकार, पट्टीची लांबी आणि प्रत्येक डोळ्याची मापे हाताशी असली तर नवा चष्मा जुन्याशी जुळवून करता येतो. म्हणून पहिला चष्मा घेतानाच ही मापे नंबरच्या चिठ्ठीवर लिहून घ्यावीत. चिठ्ठी हरवल्यास जुना चष्मा तरी टाकून देऊ नये, कारण कानाकडची खूण त्यावर तशीच असते.